सेवाधर्माचा उंबरठा
(नभोवाणीवरील व्याख्यान)



वकिलाकडे जो आपलें गाऱ्हाणें घेऊन जातो त्याला आपण अशील म्हणतों. वैद्याकडे जातो तो रोगी, गुरूकडे जातो तो शिष्य, सावकाराकडे जातो तो ऋणको. परंतु समाजसेवकाकडे जो जातो, किंवा पुष्कळदां ज्याच्याकडे समाजसेवकच आपण होऊन जातो, त्याला काय म्हणावें याविषयीं मराठीला अजून खात्रीचा शब्द सांपडलेला नाहीं. समाजकार्याच्या पाठ्यपुस्तकांतून ‘सेवार्थी’ असा शब्द योजिलेला आढळतो. सरकारी कागदांत तोच मनुष्य ‘लाभार्थी’ होतो. आणि गांवांत त्याला नुसतें ‘बिचारा’ म्हणतात. नांव ठरलेलें नसलें म्हणजे नातेंही ठरलेलें नसतें, आणि मग त्या नात्यांत कोठवर जावें व कोठें थांबावें हें ज्याचें त्यानें ठरवावयाचें राहतें. या थांबण्याचा, म्हणजे सेवकाच्या मर्यादेचा, थोडासा इतिहास आज आपल्यापुढें मांडावा असा विचार आहे. विषय रुक्ष वाटण्याचा संभव आहे. पण तो नेहमीं कोणाच्या तरी घराच्या दारांत घडतो, म्हणून वाटतो तितका रुक्ष नाहीं.

त्यासाठीं आपण प्रथम वणीला जाऊं. यवतमाळ जिल्ह्याच्या पूर्व टोकाला, वर्धा आणि पैनगंगा या नद्यांच्या बेचक्यांत, निर्गुडेच्या कांठीं हें गांव वसलेलें आहे. सभोंवतीं कापसाची काळी जमीन आणि जमिनीच्या पोटांत दगडी कोळसा. एके काळीं सबंध जिल्हा याच गांवाच्या नांवानें ओळखला जात असे. १९०५ सालीं तें नांव जाऊन यवतमाळ हें नांव आलें. लोकनायक बापूजी अणे यांचा जन्म २९ ऑगस्ट १८८० रोजीं या वणींतच झाला. पुढें त्यांनीं यवतमाळास वकिली केली. वर्धा नदी ओलांडून पलीकडे गेलें कीं वरोरें लागतें; तेथें मुरलीधर देवीदास आमटे नांवाच्या आणखी एका वकिलानें कांहीं वर्षें सनद चालविली, आणि मग ती गुंडाळून ठेवून कुष्ठरोग्यांची सेवा पत्करली. या दोन वकिलांचा उल्लेख मुद्दाम केला. वकिलाच्या धंद्याला जी मर्यादा लागते ती कायद्यानेंच घालून दिलेली होती. अशिलानें कामाच्या ओघांत जें कांहीं सांगितलें तें त्याच्या संमतीवांचून बाहेर सांगण्याची १८७२ च्या पुराव्याच्या कायद्यानें वकिलाला मनाई होती, आणि २०२४ पासून अंमलांत आलेल्या नव्या कायद्यांतही ती आहे. अशील गरीब असो कीं श्रीमंत, त्याचें गुपित सुरक्षित राही. हाच वकील सनद ठेवून देऊन सेवेला लागला कीं मात्र तें संरक्षण त्याच्यापुढें बसलेल्या माणसाला उरत नाहीं. एकाच खोलींत, त्याच दोन माणसांमध्यें, तेंच दुःख बोललें गेलें तरी कायद्याच्या दृष्टीनें ती गोष्ट निराळी होते.

गुपिताचें एवढें महत्त्व कशाला, असें कोणी म्हणेल. तर वणी तालुक्यांतल्या अशा एका घराची कल्पना करावी कीं जेथील कर्त्या पुरुषानें नापिकी आणि कर्ज यांच्या कैचींत सांपडून नुकताच आपला जीव दिला आहे. अशीं घरें यवतमाळ जिल्ह्यांत एक-दोन नाहींत. २००५ सालीं मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशावरून टाटा सामाजिक विज्ञान संस्थेनें महाराष्ट्रांतील शेतकऱ्यांच्या आत्महत्यांची पाहणी केली. अशा घराच्या दारांत कोण कोण येतें? पंचनाम्यासाठीं पोलीस येतो, तलाठी येतो. वर्तमानपत्राचा बातमीदार येतो. पुढारी येतो. पाहणी करणारा विद्यार्थी येतो. आणि एखादी समाजसेविका येते. सगळे ओसरीवर त्याच खाटेवर बसतात, आणि थोड्याफार फरकानें सगळे तेच प्रश्न विचारतात: कर्ज किती होतें, कोणाचें होतें, शेत कोणाच्या नांवावर आहे, घरांत भांडण होतें का, तो दारू पीत होता का.

यांतला शेवटचा प्रश्न घ्या. २००६ सालच्या सरकारी निर्णयाप्रमाणें अशा कुटुंबाला एक लाख रुपयांचें साहाय्य ठरलें. त्यांतले तीस हजार रोख आणि सत्तर हजार ठेवीच्या रूपानें. परंतु हें साहाय्य सरसकट नाहीं. जमीन कुटुंबाच्या नांवें होती का, कर्ज मान्य संस्थेचें होतें का, आणि मृत्यूचें कारण तेंच कर्ज होतें का, हें तपासून जिल्ह्याची समिति प्रकरण ‘पात्र’ कीं ‘अपात्र’ तें ठरवी. तेव्हां दारूचा प्रश्न तलाठ्यानें विचारला तर त्याच्या उत्तरावर त्या बाईचे लाख रुपये लोंबकळत असतात. तोच प्रश्न समाजसेविकेनें विचारला तर तिला कदाचित् एवढेंच समजून घ्यावयाचें असतें कीं या बाईनें गेलीं चार वर्षें काय सोसलें. पण खाटेसमोर जमिनीवर बसलेल्या त्या विधवेला हा फरक कसा कळावा? दोघांच्याही हातांत कागद असतो. दोघेही गोड बोलतात. गोड बोलण्याचा तर अशा वेळीं विशेष धाक वाटतो.

माझ्या मतें समाजसेवकाच्या मर्यादेचा सगळा प्रश्न या खाटेवर येऊन थांबतो. मर्यादा म्हणजे अलिप्तपणा नव्हे. मी कोण, कशासाठीं आलों, आणि तूं जें सांगशील त्याचें पुढें काय होईल, या तीन गोष्टी समोरच्याला ठाऊक असणें म्हणजे मर्यादा. ही एवढी साधी गोष्ट माणसांच्या ध्यानांत येण्यास शंभरांवर वर्षें कां लागलीं, तें आतां पाहूं.

जर्मनींत वुपर नदीच्या कांठीं एल्बरफेल्ड नांवाचें कापडाच्या धंद्याचें गांव होतें. गिरण्या आल्या, मजूर आले, आणि दारिद्र्य आलें. १८५३ सालीं त्या गांवानें एक योजना अंमलांत आणिली. गांवचे छोटे छोटे भाग पाडून प्रत्येक भागाला तेथलाच एक गृहस्थ बिनपगारी नेमावयाचा. कोणाकडेही चारांहून अधिक कुटुंबें द्यावयाचीं नाहींत. आणि मदत एका वेळीं फक्त पंधरा दिवसांची मंजूर करावयाची, म्हणजे त्याला दर पंधरवड्याला त्या घरीं जाणें भागच पडेल. योजना इतकी गाजली कीं जर्मनीच्या कितीएक शहरांनीं ती उचलली. या गृहस्थानें शेजाऱ्यासारखें प्रेमानें वागावें अशी अपेक्षा होती. आणि घरांत कोणी धडधाकट माणूस बसून खात नाहीं ना, हें पाहण्याचें कामही त्याचेंच होतें. मित्र तोच, आणि हेरही तोच.

१८६९ मध्यें लंडनमध्यें धर्मादाय संस्थांच्या एकीकरणासाठीं एक मोठी संस्था निघाली; कांहीं वर्षांत तिचें लोण अमेरिकेंत पोंचलें. तिकडे सुखवस्तु घरांतल्या स्त्रिया ‘स्नेहभेट’ देण्यास गरिबांच्या वस्तींत जाऊं लागल्या. भिक्षा नको, स्नेही हवा, असें बोस्टनच्या संस्थेचें ब्रीद होतें. ब्रीद सुंदर आहे. परंतु स्नेही म्हणून आलेल्या बाईच्या मागोमाग तिनें लिहिलेला अहवाल कचेरींत जाई, आणि त्या अहवालावर कोळसा मिळावयाचा कीं नाहीं तें ठरे. अशा मैत्रीला गरीब लोक काय म्हणत असतील याची कल्पना करण्यास फारशी प्रतिभा लागत नाहीं. मेरी रिचमंड नांवाच्या विदुषीनें १८९९ मध्यें या स्नेहभेटींवर पुस्तक लिहिलें, आणि १९१७ मध्यें दुसरें, कितीतरी पटींनीं मोठें, चौकशीच्या शास्त्रावर. अठरा वर्षांत भर मैत्रीवरून चौकशीवर गेला, असें त्या दोन नांवांवरूनच दिसतें. पण निदान चौकशीला चौकशी म्हटलें गेलें, हा कांहीं लहान लाभ नव्हे.

आपल्याकडे त्याच सुमारास सरकार दुष्काळाचे नियम करीत होतें. १८८० च्या दुष्काळ कमिशननंतर प्रांतोप्रांतीं दुष्काळ-संहिता तयार झाल्या. ज्याला काम करतां येतें त्यानें खडी फोडून मजुरी घ्यावी. म्हातारे, पंगु, आणि घराबाहेर न पडणाऱ्या स्त्रिया यांची गांवच्या अधिकाऱ्यांनीं यादी करावी. आणि ती यादी बाहेरून आलेल्या अधिकाऱ्यानें तपासावी, असा त्यांचा सर्वसाधारण रोख होता. १८९९-१९०० सालीं वऱ्हाडांत भीषण दुष्काळ पडला तेव्हां वणीकडच्या भागांतही पाटील-पटवाऱ्यांच्या हातीं अशा याद्या आल्या. गांवचा पाटील प्रत्येकाचें घर आंतून-बाहेरून ओळखतो, म्हणून यादी त्यानें करावी. आणि तो सर्वांना ओळखतो म्हणूनच त्याच्यावर विसंबूं नये, यासाठीं परक्यानें ती पाहावी. जवळीक ही एकाच वेळीं साधन आणि धोका आहे, हें नियम करणाऱ्यांना चांगलें समजलेलें होतें. त्यांची दृष्टि मात्र सरकारी पैशाच्या बचावाकडे होती. यादींत नांव नसलेल्या म्हातारीच्या बचावाकडे फार थोडी.

मागणाऱ्याच्या बाजूनें हा प्रश्न आपल्या लोकांत प्रथम मोठ्यानें विचारला गेला तो पुण्यांत, आणि त्याचें निमित्त झालें पंडिता रमाबाई यांचें शारदासदन. ही हकीकत वादाची आहे आणि त्या वादाची धग अजून सर्वस्वीं विझलेली नाहीं. पण तिच्याकडे धर्माच्या वादाखेरीज दुसऱ्या नजरेनें पाहतां येतें.

रमाबाईंनीं ११ मार्च १८८९ रोजीं मुंबईस शारदासदन उघडलें आणि १८९० च्या अखेरीस तें पुण्यास नेलें. पैसा अमेरिकेंतून येत होता. बाई स्वतः १८८३ मध्यें विलायतेंत ख्रिस्ती झालेल्या होत्या. पण सदनांत धर्मशिक्षण द्यावयाचें नाहीं, मुलींनीं आपापल्या आचाराप्रमाणें राहावें, असें ठरलेलें होतें. या भरंवशावर न्यायमूर्ति रानडे, डॉक्टर भांडारकर यांच्यासारख्या थोर पुरुषांनीं सल्लागार म्हणून आपलीं नांवें दिलीं, आणि त्या नांवांच्या भरंवशावर आईबापांनीं आपल्या विधवा मुली पाठविल्या. पुढें असें झालें कीं रमाबाई आपल्या लहान मुलीला, मनोरमेला, घेऊन आपल्या खोलींत प्रार्थनेस बसत, तेव्हां खोलीचें दार उघडें असे. आणि हळूहळू कांहीं मुली आपण होऊन तेथें येऊन बसूं लागल्या. बातमी बाहेर गेली. ‘केसरी’नें टीकेची झोड उठविली. १८९३ च्या ऑगस्टमध्यें रानडे-भांडारकरांनीं आपला संबंध सोडला, आणि वीस-पंचवीस मुलींना त्यांच्या पालकांनीं काढून नेलें.

रमाबाईंचें म्हणणें सरळ होतें. मी कोणाला बोलावीत नाहीं. पण माझ्या घरांत मीं माझ्या देवाची प्रार्थना करावयाची ती दार लावून कां? आणि ज्या मुलींना साऱ्या जगानें दार लावलें त्यांच्या तोंडावर मींही तें लावूं काय? याला उत्तर देणें सोपें नाहीं. ज्यांनीं त्या काळच्या विधवेचें जिणें थोडेंसें जरी ऐकलें असेल त्यांना बाईंच्या बोलण्यांतली कळकळ खोटी वाटणार नाहीं. टीका करणाऱ्यांपैकीं बहुतेकांनीं त्या मुलींसाठीं आजवर काय केलें होतें, हेंही विचारतां येईल, आणि विचारावेंही.

परंतु मुलीच्या बाजूनें पाहा. ती तेरा-चौदा वर्षांची आहे. तिचें अन्न, तिचें अंथरूण, तिचें पुस्तक, तिला कोणीं ‘बाळ’ म्हणून हांक मारावी तो शब्दसुद्धां, सर्व कांहीं एकाच बाईकडून येतें. ती बाई रोज सकाळीं एका खोलींत बसते, आणि दार उघडें असतें. मुलगी आंत गेली तर ती आपखुषीनें गेली असें म्हणतां येईल काय? आणि न गेली तर तिच्या मनाला कांहींच लागलें नसेल काय? तिला ‘नाहीं’ म्हणण्याची मुभा होती, पण जिच्यावर आपलें सगळें टेकलेलें आहे तिला ‘नाहीं’ म्हणण्याची ऐपत तिच्याजवळ होती का, हा प्रश्न आहे. रानड्यांना आणि भांडारकरांना तो टोंचला असावा असें मला वाटतें, कारण ते धर्मवेडे नव्हते. दोघेही प्रार्थनासमाजी, उपासनेचें मोल जाणणारे. आपल्या नांवावर पालकांनीं मुली पाठविल्या, एका गोष्टीसाठीं पाठविल्या, आणि तेथें नकळत दुसरी गोष्ट घडते, एवढाच त्यांचा आक्षेप मानला तरी तो पुरेसा आहे. पुढें १८९६-९७ च्या दुष्काळांत रमाबाईंनीं मध्यप्रांतांतून अनाथ मुली आणून केडगांवीं जी संस्था वाढविली ती उघड ख्रिस्ती संस्था होती. तिच्याविषयीं मतभेद असूं शकेल, पण फसगतीचा आरोप तिच्यावर येऊं शकत नव्हता. दारावरच्या पाटीवर जें होतें तेंच आंत होतें.

या वादाची दुसरी बाजू फारशी कोणाच्या ध्यानांत येत नाहीं. शारदासदनांतच शिकलेल्या गोदूबाई यांच्याशीं धोंडो केशव कर्वे यांनीं मार्च १८९३ मध्यें पुनर्विवाह केला, म्हणजे सदनाचें वादळ उठलें त्याच वर्षीं. त्याबद्दल कर्व्यांना जो बहिष्कार सोसावा लागला तो प्रसिद्धच आहे. विधवांनीं पुनर्विवाह करावा हें त्यांचें नुसतें मत नव्हतें, तें त्यांचें स्वतःचें घर होतें. आणि तरीही १८९६ मध्यें त्यांनीं अनाथ बालिकाश्रमाची मंडळी स्थापिली तेव्हां विधवाविवाहाची चळवळ त्या आश्रमाच्या उंबरठ्याबाहेर ठेविली. येथें मुलींना शिक्षण द्यावयाचें. त्यांचीं लग्नें लावून द्यावयाचीं नाहींत. जुन्या वळणाच्या एखाद्या भावाला आपली विधवा बहीण हिंगण्यास पाठवितांना धास्ती वाटूं नये, ही त्यांतली व्यवहाराची बाजू झाली. पण मला त्यांत व्यवहारापलीकडचेंही कांहीं दिसतें. ज्या गोष्टीवर आपण आपलें आयुष्य पणाला लावलें ती गोष्ट, आपल्या आश्रयाला आलेल्या मुलीच्या गळीं न उतरविणें, याला मोठा संयम लागतो. शिकून सवरून ती मुलगी पुढें काय करील तें तिचें. अण्णासाहेबांच्या चरित्रांत भुयाराएवढ्या पायपिटीच्या आणि पै-पैच्या हिशेबाच्या गोष्टी पुष्कळ सांगतात. ही त्याहून कमी सांगितली जाते.

यावर कोणी म्हणेल, कीं मग सेवकानें सदैव हातभर अंतर राखून वागावें काय? आपल्या देशांत तर ज्यानें अंतर मोडलें त्यालाच आपण संत म्हटलें. वणीपासून फार लांब नसलेल्या तीन ठिकाणीं या प्रश्नाचें उत्तर शोधतां येतें. सेवाग्रामला १९३९ मध्यें परचुरेशास्त्री नांवाचे संस्कृत पंडित कुष्ठरोगानें जर्जर होऊन गांधीजींच्या आश्रमाशीं येऊन थांबले. गांधीजींनीं त्यांना ठेवून घेतलें आणि स्वतःच्या हातांनीं त्यांचें अंग चोळलें. हें चित्र सर्वांना ठाऊक आहे. पण ठेवून घेण्यापूर्वीं त्यांनीं ती गोष्ट आश्रमवासीयांपुढें मांडली, हें चित्रांत दिसत नाहीं. स्वतःचें अंग झिजविण्याचा अधिकार आपला. दुसऱ्यांना भीतींत लोटण्याचा नव्हे. वर्ध्याजवळ दत्तपूरला मनोहरजी दिवाण १९३६ पासून कुष्ठसेवा करीत होते. परचुरेशास्त्र्यांचे शेवटचे दिवस तेथेंच गेले.

तिसरें ठिकाण आनंदवन. बाबा आमट्यांनीं १९४९ मध्यें महारोगी सेवा समिति स्थापिली, आणि वरोऱ्याजवळच्या खडकाळ माळावर मोजके कुष्ठरोगी, पत्नी साधनाताई आणि दोन लहान मुलें यांना घेऊन ते राहावयास गेले. त्यापूर्वीं कलकत्त्यास शिकत असतां कुष्ठरोगाचे जंतु प्रयोगासाठीं आपल्या शरीरांत टोंचून घेण्यापर्यंत त्यांची तयारी झाली होती. याहून अंतर मोडणें कोणाला शक्य आहे? आणि तरीही आनंदवनाची जी खरी शिस्त होती ती मर्यादेचीच होती. तेथें आलेल्यानें बाबांचे उपकार मानीत बसावें अशी सोय नव्हती. त्याला कुदळ मिळे, विहीर खणण्याचें काम मिळे, आणि आपण पिकविलेलें आपण खाण्याचा हक्क मिळे. भिक्षेनें माणूस मोडतो आणि कामानें उभा राहतो हें बाबांचें मुख्य सूत्र. त्याचा अर्थ असाही होतो, कीं सेवकानें समोरच्याच्या आयुष्यांत इतकीही जागा व्यापूं नये कीं त्याला आपल्या पायांवर उभें राहण्यास ठिकाण उरूं नये. वास्तविक जो चोवीस तास तेथेंच राहतो त्याला आणि जो दहा ते पांच काम करून घरीं जातो त्याला एकच नियम लावणें चुकीचें आहे. पहिल्यानें आपलेंही सर्वस्व डावावर लाविलेलें असतें. दुसरा मात्र समोरच्याचें गुपित घेऊन संध्याकाळच्या गाडीनें निघून जातो.

हा दुसरा सेवक, पगारी आणि शिकलेला, आपल्याकडे १९३६ मध्यें जन्मास आला. अमेरिकन मिशनरी क्लिफर्ड मॅन्शार्ट हे १९२६ पासून मुंबईच्या नागपाड्यांत वस्तीकेंद्र चालवीत होते. त्यांच्याच नेतृत्वाखालीं सर दोराबजी टाटा यांच्या नांवाची समाजकार्याची शाळा तेथें निघाली. हीच आजची टाटा सामाजिक विज्ञान संस्था. तेथून ‘व्यक्तिसहाय्य’ नांवाचें शास्त्र आलें. फेलिक्स बीस्टेक या धर्मगुरु-प्राध्यापकाचें १९५७ चें पुस्तक त्या शास्त्राचा जणूं कुलाचार होऊन बसलें: समोरच्याच्या भावनेशीं समरस व्हावें पण वाहून जाऊं नये, न्यायाधीश होऊं नये, निर्णय त्याचा त्याला करूं द्यावा, आणि ऐकलेलें पोटांत ठेवावें. भारतांतील समाजकार्यकर्त्यांसाठींही १९९७ मध्यें एक नीतिपत्रक तयार झालें. हे नियम चांगलेच आहेत. त्यांचा जन्म मात्र मोठ्या शहरांत झाला, जेथें साहाय्य देणारा आणि घेणारा एकमेकांस प्रथमच पाहतात आणि कचेरीबाहेर पुन्हां भेटत नाहींत.

वणी तालुक्यांत तें गृहीत धरतां येत नाहीं. २००५ पासून गांवोगांव ज्या ‘आशा’ सेविका नेमल्या गेल्या त्यांच्यासाठीं पहिलीच अट अशी, कीं ती त्याच गांवची रहिवासी असावी; साधारण हजार वस्तीला एक. एल्बरफेल्डची कल्पना दीडशें वर्षांनीं नव्या वेषांत आली म्हणा. कोलामांच्या पोडावर, जेथें परक्या माणसाला भाषाच समजत नाहीं, तेथें याहून शहाणपणाची दुसरी अट सुचत नाहीं. २०१५ मध्यें महाराष्ट्र सरकारनें विदर्भ-मराठवाड्याच्या चौदा जिल्ह्यांत ‘प्रेरणा प्रकल्प’ सुरू केला आणि शेतकऱ्यांच्या मनाची विचारपूस करण्याचें नाजूक कामही आशांच्याच हातीं दिलें. घरोघर जाऊन प्रश्नावली भरावयाची: झोंप येते का, जेवण जातें का, जगण्याचा कंटाळा आला आहे का. ज्याचा ताण फार त्याला पुढें डॉक्टरांकडे पाठवावयाचें.

आतां विचार करा. विचारणारी कोण? त्याच आळींतली सून. तिचा नवरा ज्या पतसंस्थेचा सभासद, त्याच संस्थेचें समोरच्याचें कर्ज. तिची सासू आणि समोरच्याची बायको एकाच विहिरीवर. जगण्याचा कंटाळा आला असें त्यानें सांगितलें तर तें विहिरीवर जाईल कीं डॉक्टरकडे जाईल, याची त्याला काय शाश्वति? शिवाय अगदीं अलीकडेपर्यंत आत्महत्येचा प्रयत्न हा दंडविधानाच्या ३०९ कलमाखालीं गुन्हा होता. म्हणजे आपण एकदां जीव देऊं पाहिला होता ही कबुली, कबूल करणाऱ्याला गुन्ह्याचीही कबुली वाटे. २०१७ चा मानसिक आरोग्याचा कायदा मे २०१८ मध्यें अंमलांत आला. त्यानें असा प्रयत्न करणारा मनुष्य तीव्र ताणाखालीं होता असेंच धरावें असें ठरविलें, आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या न्यायसंहितेंत तें जुनें कलम राहिलेलेंच नाहीं. त्याच २०१७ च्या कायद्यानें मानसोपचार करणाऱ्या व्यावसायिकांवर गुप्ततेचें बंधन घातलें. जीव धोक्यांत असेल तर तें शिथिल होतें, हेंही त्यांतच सांगितलें. परंतु नोंदलेल्या व्यावसायिकांच्या त्या व्याख्येंत आशा बसत नाहीं. वकिलाला जी ढाल १८७२ पासून आहे, ती या बाईला आणि तिच्यापुढें बोलणाऱ्या शेतकऱ्याला अजून मिळालेली नाहीं.

कायदा होईल तेव्हां होवो. तोंवर कर्व्यांनीं आणि दुष्काळ-संहितेनें जें वेगवेगळ्या हेतूंनीं केलें त्यांतून कांहीं घेण्यासारखें आहे. आळींतल्या चार घरांची विचारपूस शेजारच्या गांवच्या आशेनें करावी, आणि तिच्या गांवची हिनें. ओळखीचा फायदा थोडा कमी होईल, पण विहिरीची भीति जाईल. जी मदतीच्या यादीचें काम करते तिनें मनाच्या विचारपुशीचें करूं नये. आणि प्रश्नावली उघडण्यापूर्वीं तिनें स्वतःच सांगावें, कीं हा कागद आरोग्यकेंद्रांत जातो, तहशिलींत जात नाहीं, बँकेंतही नाहीं. असें सांगतां येण्यासाठीं अर्थातच तो कागद खरोखर तेथें जातां कामा नये.

चहा-पाण्याबद्दल आणि वाणवशाबद्दल शहरांतून आलेल्या तरुण सेवकांना फार संकोच वाटतो. पुस्तकांत भेट घेऊं नये असें लिहिलेलें असतें, आणि येथें बाई उठतांना ओंजळभर तुरीच्या शेंगा पदरांत घालते. त्या नाकारणें म्हणजे तिच्या घरचें पाणी नाकारण्यासारखें आहे, शेंगा घ्याव्यात. जपावयाचें तें उलट्या बाजूनें. बाईची अडचण पाहून पोटांत कालवतें, आणि सेवक आपल्या खिशांतले पांचशें रुपये काढून देतो. उसने म्हणून देतो, तिचा मान राहावा म्हणून. त्या दिवशीं ती हात जोडते. पुढच्या महिन्यांत तो पुन्हां त्या वाटेनें येतो तेव्हां पैसे जमलेले नसतात, आणि जिच्याकडे कर्जाची वार्ता ऐकण्यास तो आला तिच्या कर्जदारांच्या यादींत आतां त्याचेंही नांव असतें. दूरवर त्याची दुचाकी दिसतांच ती मागच्या दारानें शेतांत निघून जाते, आणि पोराला सांगून ठेवते, आई घरीं नाहीं म्हणून सांग.